न वितळणारा व्हॉल्व्ह

नागरवाड्यातल्या त्या स्वयंपाकघरात आम्ही पाऊल टाकलं तेव्हा तुरीची डाळ अजून छताला चिकटलेली होती. कुकरचं झाकण उडून खिडकीवर आदळलं होतं आणि एक गज बाहेरच्या बाजूला वाकला होता. ओट्याच्या फरशीला तडा गेला होता. कुणीतरी शेगडी उचलून कोपऱ्यात ठेवली होती, तिचा एक पाय तुटला होता.

बाई आतल्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला, मानेवर पिवळं मलम. त्या घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते, पण आमच्या रावपुऱ्यातली बरीच मुलं त्यांच्याकडे जायची, म्हणून त्यांना ओळखत होते.

मी तेव्हा मकरपुऱ्यातल्या एका कुकर बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम करायचे. बडोद्याच्याच युनिव्हर्सिटीतून धातुशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच लागले होते. बाजार नुकते मोकळे झाले होते, दुकानं नव्या नव्या मालाने भरत होती, आणि त्याच वेगाने नकली मालही वाढत होता. साबण, ब्लेड, पावडर, काय वाटेल ते. आमच्या कुकरचे सुटे भागही त्यातून सुटले नव्हते. म्हणून कंपनीने सुट्या भागांच्या खोक्यांवर होलोग्राम लावायला सुरुवात केली होती. जरा तिरकं धरलं की रंग बदलणारं ते चमकतं चित्र तेव्हा लोकांना नवलाचं वाटायचं. 'चमक बघूनच घ्या' अशी आमची जाहिरात भिंतीभिंतीवर रंगवलेली होती.

माझ्याबरोबर सर्व्हिस विभागाचे साहेब होते. निवृत्तीला आलेले, शांत, गुजराती गृहस्थ. त्यांनी बाईंना काय झालं ते विचारलं.

"शिट्टी होत नव्हती," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, अजून वेळ आहे. मी कोथिंबीर निवडत बसले. मग मिठाचा डबा घ्यायला उठले आणि..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. उजव्या हाताने त्यांनी उशीखालून पुठ्ठ्याचं एक छोटं खोकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "मी खोटा माल घेत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला तेव्हा ही चमक बघूनच घेतला."

मी पर्समधून भिंग काढलं. असली होलोग्रामात, साध्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक, कंपनीची अक्षरं होती. नकली छापणाऱ्यांना ती जमत नसत. मी खोकं उजेडाकडे नेलं. अक्षरं स्पष्ट दिसत होती. होलोग्राम आमचाच होता.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे व्हॉल्व्ह तुमचाच ना?" बाईंनी विचारलं.

"तपासून सांगतो," साहेब म्हणाले.

कुकरच्या झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे दिसायला एक साधं धातूचं बटण. त्याच्या मध्यभागी एका खास मिश्रधातूचा थेंब भरलेला असतो. शिट्टीचं भोक चोंदलं किंवा आतलं पाणी आटलं की उष्णता वाढते, तो थेंब वितळतो आणि वाफेला वाट मिळते. तो वितळला तर स्वयंपाक बिघडतो. तो वितळला नाही तर काय होतं, ते मी त्या छतावर पाहिलं होतं.

झाकण आणि खोकं घेऊन आम्ही प्रयोगशाळेत आलो. शिट्टीचं भोक वाळलेल्या डाळीने गच्च भरलं होतं. व्हॉल्व्ह मात्र जसाच्या तसा होता. मी तेल तापवलं, थर्मामीटर लावला, आणि आमच्या स्टोअरमधला नवा व्हॉल्व्ह आधी सोडला. ठरलेल्या उष्णतेला थेंब सुटून तळाशी गेला. मग बाईंचा सोडला. पारा वर चढत राहिला, तेलातून धूर येऊ लागला, शेवटी साहेबांनीच बर्नर बंद केला. मी तो थंड करून चाकूने खरवडला. आत साधं शिसं होतं.

खोकं आमचं, होलोग्राम आमचा, आणि आतला माल दुसऱ्याचाच. होलोग्रामच्या गुंडाळ्या कुलपात असायच्या, तिथून काही गेलं नव्हतं. मी ते खोकं हातात फिरवत बसले. होलोग्राम वरच्या बाजूला चिकटवलेला होता आणि खोकं उघडत होतं खालून. उघडलं तरी त्याला धक्काही लागत नव्हता. रिकामं खोकं ज्याच्या हाती पडेल त्याने आत काहीही भरावं.

"रिकामी खोकी जातात कुठे?" मी साहेबांना विचारलं.

"लोक घरात फेकून देतात."

"आणि दुरुस्तीवाले?"

शहरातले बरेचसे व्हॉल्व्ह दुरुस्तीवालेच बसवत. ते खोकं उघडून व्हॉल्व्ह लावत आणि खोकं स्वतःकडेच ठेवत.

त्याच क्षणी मला आमचं घर आठवलं. नुकताच आईने रावपुऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याकडून कुकरचा व्हॉल्व्ह बदलून घेतला होता. घड्याळात पाहिलं. आईची कुकर लावायची वेळ झाली होती.

आमच्याकडे फोन नव्हता, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे निरोप द्यावा लागे. त्यांचा फोन सारखा एंगेज लागत होता. साहेब म्हणाले, "जा तू, मी लावत राहतो." मी लूना काढली. मकरपुऱ्याहून रावपुऱ्यापर्यंतचा तो रस्ता मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की एका फाटकाशी अडकले तेव्हा माझे दात एकमेकांवर आपटत होते, आणि ऊन तर चांगलं कडक होतं.

जिना चढताना वासावरूनच कळलं, गॅसवर कुकर आहे. आवाज मात्र काहीच नव्हता.

"आई, गॅस बंद कर! बाजूला हो!"

"अगं, भात कच्चा राहील," आई म्हणाली. माझा अवतार बघून मग तिने मुकाट्याने बटण फिरवलं. तिला हाताला धरून मी बाहेरच्या खोलीत आणलं. आम्ही दोघी दाराआडून त्या कुकरकडे बघत उभ्या राहिलो. थोड्या वेळाने त्याने एक अर्धवट फुसकारा सोडला आणि तो गप्प झाला. शिट्टी व्हायच्याच बेतात होती, एवढंच. पण गार झाल्यावर मी व्हॉल्व्ह काढला, कढईत तेल तापवलं, आणि आईच्या देखत तो त्यात सोडला. तो वितळला नाही.

आईने कढईखालचा गॅस बंद केला. मग म्हणाली, "तो दुरुस्तीवाला तर आपल्याकडे इतकी वर्षं येतो."

दुसऱ्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये बैठक झाली. शेठ म्हणजे कंपनीचे मालक. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पेपरात छापून आलं की व्हॉल्व्ह नकली आहेत, तर लोक कुकरच घ्यायचे थांबतील. आणि नकली माल करणारा सावध होऊन गाशा गुंडाळेल, दुसऱ्या गावी तेच सुरू करेल. आधी त्याला पकडायचा, मग काय ते सांगायचं.

"तोवर कुणाकडे आणखी एखादा फुटला तर?" मी विचारलं.

"म्हणूनच लवकर पकडा," शेठ म्हणाले.

साहेबांनी दुरुस्तीवाल्यांना विचारून पाहिलं होतं. सगळ्यांचं एकच उत्तर, खोकी कचऱ्यात जातात. आमचा दुरुस्तीवालाही तेच म्हणाला; आईचा नकली व्हॉल्व्ह दाखवला तर म्हणाला, मी तो दुकानातून बंद खोक्यातच आणला होता. मग मी एक उपाय सुचवला. होलोग्राम पुरवणाऱ्यांकडे एक शाई मिळायची. ती साध्या उजेडात दिसत नसे, पण जांभळ्या दिव्याखाली हिरवी चमकायची. त्या शाईने मी खोक्यांच्या आतल्या घडीवर खुणा केल्या. प्रत्येक दुरुस्तीवाल्यासाठी वेगळी खूण, कुणाला टिंब, कुणाला फुली, कुणाला आडवी रेघ. ती खोकी नेहमीसारखी त्यांना दिली. आता आमची माणसं गिऱ्हाईक बनून शहरभर दुकानांतून व्हॉल्व्ह विकत घेणार होती. एकदा वापरलेलं खोकं पुन्हा भरून दुकानात आलं, तर ते कुणाच्या हातून गेलं ते त्या खुणेवरून कळणार होतं.

आणि आम्ही वाट बघू लागलो.

त्या दिवसांत मला सकाळी झोप लागत नसे. आमच्या गल्लीत पहाट सरली की एकेका घरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. जन्मापासून ऐकत आलेला आवाज, पण आता मी अंथरुणात पडून तो मोजीत असे. समोरच्यांची झाली. कोपऱ्यावरच्यांची झाली. मागच्या घराची अजून का होत नाही? एकदा न राहवून मी मागच्यांच्या दारात गेले. वहिनींनी दार उघडलं, म्हणाल्या, "काय गं, एवढ्या सकाळी?" मी साखर मागितली. साखर घेऊन परत आले आणि आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सगळ्यांना सांगून का टाकत नाहीस?" मी म्हटलं, "शेठनी सांगू नका म्हटलंय." दुपारी आई स्वतः गल्लीतल्या घराघरांत जाऊन सांगून आली. मी तिला अडवलं नाही.

रोज संध्याकाळी विकत आणलेली खोकी घेऊन मी स्टोअररूममध्ये जायचे, दार लावून दिवा पेटवायचे. साहेब एकेक खोकं उलगडून दिव्याखाली धरायचे. कोरं. कोरं. कोरं. दिव्याच्या जांभळ्या उजेडात साहेबांचे पांढरे केस तेवढे चमकायचे.

अशातच बाई कंपनीत आल्या. रिक्षातून एकट्याच. हाताच्या पट्ट्या कमी झाल्या होत्या, पण कोपर अजून वाकत नव्हतं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी शेठना भेटायचं आहे म्हटलं आणि शिपायाने अडवायच्या आत केबिनचं दार ढकललं. मी त्यांच्या मागोमाग आत गेले.

"माझ्याकडचा व्हॉल्व्ह नकली होता, असं या मुलीने मला येऊन सांगितलं," बाई शुद्ध गुजरातीत म्हणाल्या. "मग पेपरात अजून का आलं नाही?"

शेठनी त्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला, मग सगळं समजावलं. चोर पळून जाईल, त्याला पकडणं किती गरजेचं आहे, सगळं.

बाईंनी ऐकून घेतलं. "तुमचा चोर मला बघायचा नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या जाहिरातीत लिहिलं होतं, चमक बघून घ्या. मी घेतला. उद्या दुसरी कुणी तीच चमक बघून घेईल. तिला तुम्ही काय सांगणार? की थांब, आम्ही चोर शोधतोय?"

चहा आला, तो तसाच राहिला.

"एक आठवडा," शेठ शेवटी म्हणाले. "सापडो न सापडो, आठवड्याने जाहिरात देतो."

"आठवड्यात किती वेळा कुकर लागतो, शेठ, एका घरात?" बाईंनी विचारलं. उत्तराची वाट न बघता त्या उठल्या.

आठवडा संपत आला होता तेव्हा एक घडी चमकली. फतेगंजमधल्या एका दुकानातून आणलेलं खोकं. हिरवी, आडवी रेघ. साहेबांनी खोकं माझ्या हातात दिलं आणि ते स्टुलावर बसले. आडवी रेघ आमच्या रावपुऱ्याच्या दुरुस्तीवाल्याची होती.

आम्ही दोघं त्याच्या टपरीवर गेलो. तो एका कुकरची रिंग बसवत होता. साहेबांनी खोकं समोर ठेवलं, दिवा दाखवला, खूण दाखवली. त्याने आधी नाही म्हटलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग खाली बघत राहिला.

"एक माणूस स्कूटरवर येतो," तो म्हणाला. "रिकामी खोकी घेऊन जातो आणि स्वस्तात व्हॉल्व्ह देऊन जातो. रिकाम्या खोक्यात कसलं पाप, बेन? मला वाटलं, व्हॉल्व्ह तो व्हॉल्व्ह."

"माझ्या आईच्या कुकरला तू तोच लावलास," मी म्हटलं.

तो मान वर करेना. पण त्या माणसाची जागा त्याने सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांबरोबर आम्ही वाघोडिया रोडच्या पलीकडे, शेताला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडवर गेलो. धातू ओळखायला म्हणून मला बरोबर नेलं होतं. शेडमध्ये एक छोटी भट्टी, साचे, शिशाच्या कांड्या, आणि एका पोत्यात आमची खोकी, होलोग्रामसकट. मालक चाळिशीचा, पायजमा आणि बनियन घातलेला माणूस. तो पळाला नाही, घाबरलाही नाही. उलट इन्स्पेक्टरांशी वाद घालू लागला. "माझ्या मालात खोट काय आहे? एकाची तरी तक्रार दाखवा. कंपनीचा व्हॉल्व्ह महिनाभरात वितळतो, लोक वैतागतात. माझा कधीच वितळत नाही. माझ्या घरात हाच आहे, बघा."

शेडला लागूनच त्याची राहायची खोली होती. दार उघडं होतं. आत त्याची बायको ओट्यापाशी होती आणि गॅसवर कुकर. ज्योत मोठी होती, आणि शिट्टी होत नव्हती.

मी तिला गुजरातीत म्हटलं, "बेन, तुम्ही बाहेर या. आत्ता." ती नवऱ्याकडे बघू लागली. "बाहेर या!" मी ओरडले. इन्स्पेक्टर मागे सरकले. सिलेंडर दाराजवळच होता. मी ओणवी होऊन रेग्युलेटर बंद केला आणि तशीच मागे मागे बाहेर आले. आम्ही सगळे अंगणात उभे राहिलो. शेडचा मालक तेवढा हसत होता. शेतात कुणीतरी पंप चालू केला, त्या आवाजाने मी दचकले.

काहीही झालं नाही. कुकर गार झाल्यावर मी झाकण काढलं. भोक स्वच्छ होतं. कुकर नुकताच चढवला होता, शिट्टीची वेळच आली नव्हती.

इन्स्पेक्टरांनी पुरावा मागितला. मी त्याच्या बायकोचीच कढई घेतली, तेल तापवलं, आणि पर्समधला आमचा व्हॉल्व्ह आत सोडला. थेंब सुटला. मग तिच्या झाकणातला काढून सोडला. तेल धुरावलं, तरी तो तसाच.

"बघा," तो माणूस म्हणाला, "मी सांगत होतो ना? पक्का आहे."

त्याची बायको कढईकडे बघत होती. तिने मला विचारलं, "म्हणजे तो वितळायलाच हवा?"

मी तिला सांगितलं कशासाठी वितळायला हवा. नागरवाड्यातलं छत सांगितलं, बाईंचा हात सांगितला. ती ऐकता ऐकता ओट्यापासून दूर जाऊन उभी राहिली. त्या माणसाचं हसू हळूहळू गेलं. तो कढईकडे बघत होता, मग बायकोकडे, मग पुन्हा कढईकडे. मला तेव्हा कळलं की याला खरंच ठाऊक नव्हतं. तो कुठूनतरी साचा मिळवून एक बटण ओतत होता, आणि लोकांना नको असलेला दोष त्यातून काढून टाकत होता. त्या जाणिवेने मला बरं वाटलं नाही. उलट अधिकच भीती वाटली.

पोलीस त्याला घेऊन गेले. मी तिच्या झाकणाला आमच्याकडचा असली व्हॉल्व्ह बसवून दिला. ती म्हणाली, "माझ्या माहेरीही यानेच दिलाय." मग चप्पल घालून, दाराला कडी न लावताच ती निघाली.

जाहिरात दुसऱ्या दिवशीच आली. रावपुऱ्यात, मांडवीला, फतेगंजला आम्ही मांडव टाकले. समोर तेलाची कढई. आपला व्हॉल्व्ह आणा, तपासून घ्या, असली निघो वा नकली, नवा फुकट घ्या. पहिल्या दिवशी बायका आल्या त्या भांडायलाच. "आमचा तर कधी वितळला नाही, चांगला आहे, तो का काढून घेता?" एक बाई तर आपला व्हॉल्व्ह मुठीत घट्ट धरून उभी होती. मी घसा कोरडा पडेपर्यंत समजावत होते, पण तेलात न वितळणारा व्हॉल्व्ह बघून त्यांचा विश्वास उलट वाढतच होता.

तेव्हा नागरवाड्याच्या बाई रांगेतून पुढे आल्या. त्या कधी आल्या होत्या ते मला कळलंही नव्हतं. त्यांनी हातावरचा पदर बाजूला केला आणि तो हात टेबलावर ठेवला. कातडी लालसर, ओढलेली, मनगटापाशी गोळा झालेली. मुठीत व्हॉल्व्ह धरलेल्या बाईने तो हात पाहिला, आणि मूठ उघडून व्हॉल्व्ह माझ्यासमोर ठेवला.

त्यानंतर खोक्यांची रचना बदलली. होलोग्राम उघडायच्या घडीवरच लावला, म्हणजे खोकं उघडलं की तो फाटणारच. आणि व्हॉल्व्हच्या अंगावरही खूण आली, कारण खोकं जातं कचऱ्यात आणि घरात राहतो तो व्हॉल्व्ह. खटला पुष्कळ वर्षं चालला. मी साक्ष दिली. त्या माणसाला शिक्षा झाली, पण ती ऐकून मला हायसं वाटलं असं म्हणता येणार नाही. दुरुस्तीवाल्याने टपरी बंद केली. एकदा तो आमच्या दारात आला होता. आईने त्याला बसवलं, पाणी दिलं, त्याच्या मुलींची चौकशी केली. काम मात्र पुन्हा कधी सांगितलं नाही.

बाईंच्या शिकवण्या सुरू झाल्या. पुढे माझी भाची त्यांच्याकडे जायला लागली, म्हणून माझंही जाणं व्हायचं. एकदा गेले तेव्हा त्या पातेल्यात डाळ शिजवत होत्या, झाकणावर पाण्याचा तांब्या ठेवून. मी म्हटलं, "बाई, आता व्हॉल्व्ह चांगले येतात. मी स्वतः तपासून आणून देते."

"माहीत आहे गं," त्या म्हणाल्या आणि झाकण बाजूला करून पळीने डाळ ढवळली. "तुझ्यावर विश्वास आहे. पण मला कुठे घाई आहे?"